कुठे खटकलं ते दाखवा: दंतकथेवरची मालिका घरादाराने बघायची आमची रीत

सगळ्यात आधी पाण्याचा वार बघून घ्या. आमच्या जुळे सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं कुणीही एका जागी पाऊण तास टिकत नाही. टाकी, पिंप, हंडे, शेवटी अंगणातली बादलीसुद्धा. पहिल्या महिन्यात आम्ही हे ध्यानात घेतलं नाही. 'मर्लिन' मालिकेतला तळघरातला ड्रॅगन बोलायला तोंड उघडायचा आणि कुणीतरी "पाणी आलं!" म्हणून ओरडायचं. ड्रॅगनने त्या पोराला नेमकं काय सांगितलं, हे घरात तिघांना तीन तऱ्हेचं माहीत होतं. तेव्हा वार ठरवा, आणि पाण्याचा दिवस त्यावर आला तर भाग सरळ पुढे ढकला.

मालिका 'मर्लिन'. बीबीसी वनवर 20 सप्टेंबर 2008 ला सुरू झाली आणि 24 डिसेंबर 2012 ला संपली. पाच पर्वं, दर पर्वात 13 भाग, एकूण 65. तिकडे ती शनिवारी संध्याकाळी लागायची, आजीपासून नातवापर्यंत सगळे एका खोलीत बसतील अशा बेताने केलेली. आमची थोरली इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिने ती निवडली. बसणारे पाच: थोरली, नववीतला धाकटा, माझे मिस्टर, माझ्या सासूबाई आणि मी. सहाव्या, वरच्या मजल्यावरच्या काकू. त्या पहिल्या दिवशी "जरा टेकते" म्हणून आल्या आणि 65 भाग टेकल्या.

मी घरी शिकवण्या घेते. कशाचीही वही घालायची खोड तिथलीच. या मालिकेवर कोण काय म्हणालं ते मी 200 पानी वहीत लिहून ठेवलं. भिशीच्या बायकांनी ती वही चाळली आणि "आम्हालाही असं करायचंय, सांग ना कसं" म्हणून मागे लागल्या. म्हणून हे लिहिते. मालिका तुम्ही कुठलीही घ्या, फक्त तिच्या पाठीमागे आधीपासून चालत आलेली एखादी दंतकथा हवी. नुसत्या सासू-सुनेच्या मालिकेवर ही रीत चालत नाही, मी करून पाहिलंय.

सांगणारा एकच नेमा

मालिका इंग्रजीत, खाली अक्षरंही इंग्रजीत. सासूबाई 74 वर्षांच्या, माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घरात कन्नड, शाळा मराठी. म्हणून थांबवून सांगायचं काम माझ्याकडे. त्यात मी केलेल्या चुका तुम्ही करू नका.

रिमोट सांगणाऱ्याच्याच हातात द्या. प्रसंग पुरा झाल्याशिवाय थांबवू नका. मी सुरुवातीला वाक्यावाक्याला थांबवायचे, त्यात आर्थरची तलवार हवेत उचललेलीच राहायची आणि धाकटा वैतागायचा, "मम्मी, त्याला मारू तरी दे बे एकदा." (हे 'बे' आमच्याकडे आईलाही लागतं. परगावच्या वाचकांनी मनावर घेऊ नये.) दुसरं, सांगताना स्वतःच्या पदरचं घालू नका. थोरलीने मला आधीच सांगितलं होतं की राजाच्या आश्रयाला वाढलेली मॉर्गाना पुढे उलटणार, आणि मी पहिल्या पर्वातच बोलून गेले, "आई, हिच्यावर लक्ष ठेवा हं." सासूबाईंनी पुढचे दोन भाग माझ्याकडून काही विचारूनच घेतलं नाही. चित्र बघून स्वतःच अर्थ लावत बसल्या. आणि खरं सांगते, बराचसा बरोबर लावला.

पात्रांची नावं पाठ करायला लावू नका. ज्याला जे सुचेल ते म्हणू द्या आणि वहीत तसंच लिहा. आमच्याकडे गायस म्हणजे 'वैद्यबुवा', उथर म्हणजे 'तो राजा', आणि ड्रॅगन 'तळघरातला'. माणूस नाव कसं ठेवतो यातच त्याचं अर्धं मत येऊन जातं. उथरला सासूबाईंनी एकदाही 'राजेसाहेब' म्हटलं नाही.

खाण्याचं थोडक्यात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन बसू नका. त्या भाकरीच्या आवाजापुढे तलवारबाजी ऐकू येत नाही.

मूळ गोष्ट आधी सांगा, दहा मिनिटांत

पहिला भाग लावायच्या आधी टीव्ही बंद ठेवून मूळ कथा सांगायची. ती माहीत नसेल तर मालिकेने काय बदललं ते कळत नाही, आणि बदल कळला नाही तर मत 'भारी' नाही तर 'बोअर' यापुढे सरकत नाही.

मी सांगितलं ते असं. आर्थर हा ब्रिटनच्या दंतकथेतला राजा. तो खरोखर होऊन गेला याचा पक्का पुरावा नाही. 1136 च्या सुमारास मॉनमथच्या जेफ्री नावाच्या माणसाने लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास म्हणून एक ग्रंथ लिहिला. त्यात इतिहास कमी आणि गोष्टी जास्त. आर्थरची आणि मर्लिनची गोष्ट तिथून लोकांच्या तोंडी झाली. पुढे थॉमस मॅलरीने आर्थरच्या सगळ्या कथा इंग्रजीत एकत्र केल्या आणि 1485 मध्ये कॅक्स्टनने ते पुस्तक छापलं. या जुन्या गोष्टीत उथर राजाचं मन दुसऱ्याच्या बायकोवर जातं. तिचं नाव इग्रेन. मर्लिन जादूने उथरला तिच्या नवऱ्याचं रूप देतो, आणि त्यातून आर्थर जन्मतो.

इथवर आले आणि सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे इंद्र आणि अहल्या."

मला ते सुचलंच नव्हतं. इंद्रही गौतमाचं रूप घेऊनच जातो. त्या एका वाक्याने सगळं सोपं झालं. आता मालिकेने काय केलं ते सांगता आलं: मूळ गोष्टीत मर्लिन आर्थरच्या बापाच्या पिढीचा, इथे तो आर्थरच्याच वयाचा. मूळ गोष्टीत राजांना सल्ला देणारा, इथे राजपुत्राचे बूट पुसणारा नोकर. आणि या राज्यात जादू करणाऱ्याला देहान्ताची शिक्षा, त्यामुळे बिचाऱ्याने जे करायचं ते लपून. धाकट्याला अहल्येची गोष्ट नीट माहीत नव्हती. ती सांगण्यात आणखी वीस मिनिटं गेली आणि त्या दिवशी भाग बघायचा राहिलाच. राहू द्या.

"मग मालिकावाल्यांनी खोटं दाखवलं की," असं पोरं म्हणतातच. त्यावर माझ्याकडे लक्ष्मणरेषेचं उदाहरण तयार असतं. वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाही. रामानंद सागरांच्या 'रामायण'मध्ये आहे, आणि 25 जानेवारी 1987 पासून 31 जुलै 1988 पर्यंत, 78 भाग, रविवार सकाळी अख्ख्या देशाने ती बघितली. सासूबाई तेव्हा सोलापुरातल्या बाळीवेशीत राहायच्या. वाड्यात टीव्ही एकच, त्याला हार घालून मग लावायचे. "वाल्मीकींनी नसेल लिहिली," त्या म्हणाल्या, "माझ्या आईने सांगितली होती. टीव्ही यायच्या कितीतरी आधी." धाकटा गप्प बसला. गोष्ट एका पुस्तकात नसेल तरी ती लोकांच्या तोंडात असू शकते, हे माझ्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा त्याला यातून जास्त कळलं.

वहीचं पान

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर सांगते.

2014 ते 2017 झी मराठीवर 'जय मल्हार' चालू होती. आमच्यासाठी खंडोबा म्हणजे आधी सोलापूरजवळच्या बाळे गावचा. मार्गशीर्षात बाळ्याला जाणं चुकत नाही. त्यामुळे ती मालिका आम्ही घरचं कार्य असल्यासारखी बघितली. म्हाळसेची बाजू घेणारे आणि बानूची बाजू घेणारे असे घरात दोन पक्ष होते, चहावरून भांडणं व्हायची. तीन वर्षं. आज त्यातलं काय आठवतं म्हणून विचारलं तर सगळे म्हणतात, "छान होती." एवढं बघून, एवढं भांडून हातात उरलं ते 'छान होती'. त्याची मला हळहळ आहे, म्हणून या वेळी वही.

पानावर रेघा मारून चार रकाने पाडायचे: कोण, कुठे, काय वाटलं, आणि चौथा रिकामा. नियम एकच आहे. 'कुठे' हा रकाना भरल्याशिवाय 'काय वाटलं' लिहायचं नाही. "टाइमपास आहे" असं कुणी म्हणालं की विचारायचं, कुठे? कुठल्या क्षणी असं वाटलं? जागा दाखवता आली तर ते मत, नाही तर तो नुसता मूड. मिस्टरांची पहिल्या महिन्यातली निम्मी मतं या चाळणीतून गळाली. ऑफिसात काय झालं होतं ते निघालं.

पहिल्या भागाचं पान इथे उतरवून देते, म्हणजे अंदाज येईल. गोष्ट अशी: मर्लिन उथर राजाच्या राजधानीत, कॅमलॉटमध्ये पाऊल टाकतो तेव्हा चौकात एका तरुणाचं डोकं उडवलं जातंय, गुन्हा जादूचा. त्याची म्हातारी आई राजाला शाप देते, माझा मुलगा घेतलास, तुझाही जाईल. मग ती एका गायिकेचं रूप घेऊन मेजवानीत शिरते. तिच्या गाण्याने सगळा दरबार झोपी जातो, अंगावर कोळिष्टकं चढतात, आणि ती आर्थरवर सुरा फेकते. मर्लिन वेळ हळू करतो, आर्थरला ओढून वाचवतो. राजा खूश होऊन बक्षीस देतो: आजपासून तू माझ्या मुलाचा नोकर.

धाकटा, सुरा हवेत असतो तिथे: "हळू झालं ते एक नंबर." मिस्टर, बक्षीस जाहीर होतं तिथे: "हे कसलं बक्षीस? जीव वाचवला आणि वर नोकरी, तीही बुटांची." थोरली, तळघरात ड्रॅगन 'तुझं नशीब' म्हणतो तिथे: "नशिबात लिहिलंच असेल तर पोराने काय करायचं मग?" काकू, गाणं सुरू होतं तिथे: काही नाही, कारण काकूंना खरोखर डोळा लागला होता. वहीत तसंच लिहिलंय, मालिकेची याहून मोठी तारीफ कुठली. आणि सासूबाई, अगदी सुरुवातीला, चौकात: "त्या म्हातारीने काय चूक केली?"

मी तेव्हा त्या ओळीकडे फारसं बघितलं नाही. मला वाटलं, त्यांना गोष्ट नीट समजली नाही. चौथा रकाना असतो तो यासाठी. मत पुढे बदललं तर तिथे तारीख घालून लिहायचं. जुनं खोडायचं नाही.

जागा दाखवायची सवय लागली की माणसं आपापल्या नजरेने बघायला लागतात आणि मजा तिथून सुरू होते. काकूंच्या घरी पूर्वी चादरींचे माग होते. बालपण सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात गेलं. त्या बघतात ते कापड. तिसऱ्या की चौथ्या भागातच म्हणाल्या, "ह्या पोराचे गळ्यातले रुमाल दोनच. एक लाल, एक निळा. राजवाड्यात नोकरी लागून उपयोग काय?" आणि पुढच्या पर्वांत मॉर्गानाच्या रेशमी झग्यांची जागा काळ्या, विरलेल्या कपड्यांनी घेतली तेव्हा, "हिला आता कपडे करून देणारं कुणी राहिलं नाही," एवढंच बोलल्या. तिच्या एकटेपणावर याहून चांगलं वाक्य आमच्या वहीत नाही.

मिस्टर रोज सकाळी भुईकोटाच्या बाजूला फिरायला जातात. त्यांचं म्हणणं, कॅमलॉटचा किल्ला खोटा वाटतो, फार नीटनेटका आहे, किल्ल्याची एखादी भिंत तरी पडलेली हवी. कुठे? आर्थर घोड्यावरून आवारात येतो तिथे, मागचे बुरूज बघ. थोरलीने शोधलं. चित्रण फ्रान्समधल्या पियरफों इथल्या किल्ल्यात झालंय, आणि तो किल्ला पार ढासळलेला होता. 19व्या शतकात तिसऱ्या नेपोलियनने व्हियोले-ल-द्युक नावाच्या वास्तुविशारदाकडून तो नव्याने उभारून घेतला. म्हणजे तो किल्लाही जुन्या काळाची एक कल्पनाच. मिस्टरांनी हे पुढे महिनाभर सगळ्यांना ऐकवलं.

भांडण होऊ द्या, पण एका मुद्द्यावर

या मालिकेवर लोकांची सगळ्यात मोठी तक्रार अशी की गोष्ट फिरून फिरून पहिल्या जागी येते. संकट येतं, मर्लिन लपून जादू करतो, आर्थर नेमका त्या वेळी डोक्यावर काहीतरी पडून बेशुद्ध, शुद्धीवर आल्यावर श्रेय त्याला. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. थोरली दुसऱ्या पर्वातच कावली होती. धाकटा म्हणायचा, "ह्याला डॉक्टरला दाखवा, सारखा डोक्यावरच पडलालाय."

सासूबाईंनी मालिकेची बाजू घेतली. "वेताळ परत झाडावर जातोच की," त्या म्हणाल्या. "गेला नाही तर पुढची गोष्ट कोण सांगणार?"

दूरदर्शनवर 1985 मध्ये 'विक्रम और बेताल' लागायची. विक्रम झाले होते अरुण गोविल, जे पुढे राम झाले. त्यात प्रत्येक वेळी विक्रम उत्तर देतो, मौन मोडतं, वेताळ उडून झाडावर. ते बघताना कुणी तक्रार केली नव्हती. यावर थोरलीकडे उत्तर होतं, आणि ते वहीतल्या चांगल्या मतांपैकी एक आहे. ती म्हणाली, वेताळ झाडावर गेला तरी कोडं दर वेळी नवं असतं, आणि विक्रमाला दर वेळी खरंच विचार करावा लागतो. इथे आर्थर काहीच शिकत नाही. सासूबाई थोडा वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, "ते आहे." आमच्या घरात आजीने नातीपुढे असं म्हटल्याचा हा पहिलाच लेखी पुरावा. पण चौथ्या रकान्यात त्यांनी पुढे भर घातली: विक्रमालाही शेवटच्या कोड्याचं उत्तर येत नाही, तो गप्प राहतो, आणि तेव्हाच गोष्ट संपते. तसंच इथेही व्हायला हवं, आर्थरला कळलं की संपली. झालंही तसंच. मर्लिन स्वतःच्या तोंडाने "मी जादूगार आहे" हे आर्थरला सांगतो ते 65व्या भागात.

दुसरं मोठं भांडण दुसऱ्या पर्वाच्या शेवटून दुसऱ्या भागावरचं. सगळं कॅमलॉट झोपेच्या जादूने आडवं झालंय आणि ती जादू मॉर्गानावर बांधलेली आहे, तिला स्वतःला ते माहीत नाही. मर्लिन काय करतो, तर तिला पाण्यातून विष देतो. मैत्रिणीला. आमच्याकडे त्या रात्री साडेअकरापर्यंत दिवे बंद झाले नाहीत. मिस्टर म्हणाले, राज्य वाचवायचं तर दुसरा मार्ग नव्हता. थोरली म्हणाली, तिला आधी सांगायचं होतं, तिच्यातही जादू आहे हे त्याला ठाऊक होतं, ती घाबरलेली होती, त्याने एकदाही तिच्याशी नीट बोलून घेतलं नाही. बऱ्याच प्रेक्षकांना तिसऱ्या पर्वातली मॉर्गाना अचानक दुष्ट झाल्यासारखी वाटते, कोपऱ्यात उभी राहून हसते तेवढीच. धाकट्याने तर त्या हसण्याच्या काड्या मारून ठेवल्यात, एका भागात सहा. पण विषाचं पान उलटून बघितलं की तिचं हसणं तितकंसं अचानक वाटत नाही. म्हणून सांगते, मागचं पान काढून मग भांडा. आठवणीवर भांडाल तर आवाज जास्त असेल तोच जिंकतो.

उथर राजा एका राक्षसिणीशी लग्न करतो त्या दोन भागांवर भांडू नका. त्यात ढेकर आहेत, त्याहून वाईट आवाज आहेत. ज्याला हसू येतं त्याला येतं, थोरलीला येत नाही.

काय काढलं तर चालणार नाही?

हे मला सुचलं गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या दिवसांत, तुम्ही मात्र पहिल्या भागाआधीच करून घ्या.

दिवाळी, पाणी, पाहुणे असे खाडे धरून आमचं चौथं पर्व जानेवारीच्या सुरुवातीला संपलं. त्याच्या शेवटच्या भागात आर्थरचं राज्य गेलंय, तो खचलाय, मला राजा व्हायची लायकी नाही म्हणतोय. दगडात तलवार रुतलेली आहे. ती रुतवली कुणी, तर मर्लिनने स्वतः, आदल्या पर्वाच्या शेवटी. आता तो आर्थरला एक जुनी दंतकथा सांगतो, की खरा राजाच ही तलवार उपसू शकतो. ही दंतकथा त्याने त्या क्षणी रचलेली आहे. आणि आर्थर तलवार उपसतो.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं डोळा लागला.

भोगीच्या दिवशी आम्ही संमती कट्ट्यावर अक्षतांना गेलो. बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम", हजारो हातांनी उडवलेल्या अक्षता. सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले शिवयोगी. एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला, योग्याला ते शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला संमती दिली. तोच सोहळा दर वर्षी. परत येताना गर्दीत माझा हात धरून सासूबाई म्हणाल्या, "आमच्या माहेरी ही गोष्ट त्या पोरीच्या बाजूने सांगायचे. इकडे आल्यावर सिद्धेश्वरांच्या बाजूने ऐकली. दोन्हीकडे अक्षता मात्र त्याच."

घरी आल्यावर थोरलीने विचारलं, "मग उद्या कुणी फक्त कुंभारकन्येवर मालिका केली, तिला तलवार दिली, घोड्यावर बसवली, तर चालेल तुला?"

"बसव घोड्यावर. पण अक्षता काढशील तर बघ."

ते मी वहीच्या पहिल्या पानावर नेऊन लिहिलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: मालिका सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहायची, या दंतकथेतलं काय काढलं तर ती गोष्ट राहणार नाही. मर्लिनच्या चिठ्ठ्या आम्ही उशिरा, पाचव्या पर्वाआधी लिहिल्या. तलवार शेवटी तळ्यात परत गेली पाहिजे, ही थोरलीची. मॉर्ड्रेडच्याच हातून आर्थरला घाव, ही मिस्टरांची, दहा मिनिटांचं भाषण त्यांनी बरं लक्षात ठेवलं होतं. मर्लिन म्हातारा, पांढऱ्या दाढीचा दिसलाच पाहिजे, ही धाकट्याची, आणि तो तर मधूनमधून वेषांतर करून दिसलेलाच होता. आर्थरची बायको ग्वेन मूळ गोष्टीत राजघराण्यातली आणि इथे दासी, याबद्दल एकाही चिठ्ठीत काही आलं नाही. मलाही ते खटकलं नाही. उलट तिचं लग्न झालं तेव्हा काकूंनी लुगड्याच्या पदराने डोळे पुसले.

या चिठ्ठ्यांचा फायदा असा की 'मूळ गोष्टीची वाट लावली' असं मोघम ओरडायची सोय राहत नाही. तुमची चिठ्ठी शाबूत आहे का तेवढं बघायचं.

शेवटचा भाग

त्या दिवशी वही काढू नका. थांबवून सांगणंही नको. सांगायची गरज पडली नाही. मॉर्ड्रेडचा घाव लागलेला आर्थर आणि त्याला तळ्यापर्यंत नेणारा मर्लिन, यात भाषेचं काही अडत नाही. आर्थर त्याच्या हातात जातो. तलवार तळ्यात जाते, पाण्यातून एक हात वर येऊन ती झेलतो. मग अगदी शेवटी आजच्या काळातला डांबरी रस्ता, शेजारून धडधडत ट्रक जातो, आणि एक म्हातारा पाठीवर बोजा घेऊन चाललाय. मर्लिनच तो. अजून वाट बघतोय.

मतं दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. रात्री घेतली तर नुसतं रडणं किंवा रागावणं मिळतं, थोरली तर दार लावून बसली होती. सकाळी चहाला काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, "ट्रक जातो तिथे मला अश्वत्थामा आठवला. जखमेला तेल मागत फिरतो तसा." सासूबाईंना ते पटलं नाही. अश्वत्थाम्याला शाप आहे, याला कुणी शाप दिलाय? हा आपणहून थांबलाय. धाकट्याचं म्हणणं, सिक्वेल येणार. मिस्टरांनी विचारलं की इतकी वर्षं हा पोटापाण्याचं काय करतो. मी सगळं लिहून घेत होते.

लिहून झाल्यावर पहिल्या भागाचं पान काढलं, कारण चौथा रकाना भरायचा होता. एकेकाला त्याचं जुनं मत वाचून दाखवलं. मिस्टरांनी बक्षिसाचं मत मागे घेतलं. थोरलीने नशिबाचं कायम ठेवलं. सासूबाईंची ओळ वाचली: त्या म्हातारीने काय चूक केली?

"आता राज्यावर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"ग्वेन. राणी म्हणून."

"मग जादूवाल्यांना मारायचा तो कायदा बदलला का तिने?"

मी थोरलीकडे बघितलं. ती म्हणाली, "आजी, तसं दाखवलं नाही."

"मग तेच लिही," सासूबाई म्हणाल्या, आणि चहाचा कप घेऊन उठल्या. पाण्याचा वार होता.